उनपदेवाचे ऊन पाणी आणि त्वचेचे शास्त्र

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी अडावदजवळ उनपदेव आहे. तेथे गोमुखातून गरम पाणी कुंडात पडते. याच नावाचा दुसरा झरा शहादा तालुक्यात आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत तो धुळे जिल्ह्यात मोडत असे. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी अडावदकडची आख्यायिका. त्वचारोग बरा होईल या आशेने माणसे येथे स्नानाला येत आली आहेत. या आशेत तथ्य किती, हे आपण पाहू.

खानदेशचे गॅझेटियर १८८० साली निघाले. थॉमस ओल्डहॅम यांनी केलेली भारतातील सुमारे ३०० उष्ण झऱ्यांची यादी त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ साली प्रसिद्ध झाली. पाणी तापते कसे? जमिनीत खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. भेगांतून खोल उतरलेले पावसाचे पाणी तापून दुसऱ्या भेगेने वर येते. त्यासाठी पोटात गंधक जळावे लागत नाही.

युरोपात अशा झऱ्यांभोवती मोठा व्यवसाय उभा राहिला. बेल्जियममधील ‘स्पा’ या गावाचे नावच त्या धंद्याला मिळाले. गंमत अशी, की स्पाचे झरे थंड आणि लोहयुक्त आहेत! तेथे वैद्य होते, मुक्कामाची सोय होती आणि १७६३ साली जुगारगृहही बांधले गेले. विश्रांती, पथ्य आणि पाणी यांपैकी गुण कशाचा, हे वेगळे काढणे सोपे नव्हते.

ते वेगळे काढायचे तर आधी रोगाचे कारण कळायला हवे. १६८७ साली बोनोमो या इटालियन वैद्याने खरजेचा संबंध एका सूक्ष्म किड्याशी जोडला. गंधकाच्या मलमाने हा किडा मरतो. कडक गरम पाण्यात कपडे धुतल्यानेही मरतो. म्हणजे खरजेपुरता गंधकाचा व उष्णतेचा लौकिक अगदीच निराधार नाही.

कुष्ठरोगाची गोष्ट निराळी. त्याचा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेत १८७३ साली शोधला. हा जंतू मज्जातंतूंना इजा करतो आणि त्वचेची संवेदना जाते. कोणतेही स्नान त्याला मारू शकत नाही. उलट धोका वाढतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली दाखवले, की ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात, तर ६० अंशांना अवघे पाच सेकंद पुरतात. निरोगी माणूस चटका बसताच पाय मागे घेतो. बधिर पाय पाण्यातच राहतो, आणि भाजल्याची जखम चिघळली तर बोटे गमावण्याची वेळ येते.

जळगाव-धुळ्याकडे आज त्वचेचे उपचार किंवा स्पाचा व्यवसाय शिकणाऱ्या तरुणांनी हा धडा आधी गिरवावा: वाफ वा गरम पाणी देण्यापूर्वी तापमान मोजावे आणि त्वचेला स्पर्श कळतो ना, हे पाहावे. वर्गात आपण तापमापीने बादलीतले पाणी मोजून दाखवू शकतो. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा आढळला, तर चारचौघांत चर्चा न करता पालकांना आरोग्य केंद्रात जायला सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवलेली बहुविध औषधयोजना तेथे मोफत मिळते. वेळीच सुरू केली, तर मूल पूर्ण बरे होते आणि हातपाय शाबूत राहतात.