काच, कोळसा आणि भिंत : ऊर्जाबचतीच्या हरितगृहरचनेचा इतिहास

हरितगृहाचा इतिहास बहुधा काचेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो इंधनाच्या अंगाने पाहिला आहे; कारण काचेने ऊन आत घेतले, तरी रात्री ऊब टिकविण्याचा प्रश्न तिच्याने सुटला नाही.

इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टन याने डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकसाठी ‘ग्रेट स्टोव्ह’ नावाचे काचगृह उभारले. १८३६ मध्ये त्याचे काम सुरू झाले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट. उष्ण कटिबंधातील वनस्पती तेथे वाढत. मात्र त्या जगविण्यासाठी ८ बॉयलर पेटते ठेवावे लागत. त्यांचा कोळसा भुयारी मार्गाने येई, म्हणजे तो पाहुण्यांच्या दृष्टीस पडत नसे. खर्च दृष्टिआड होता, इतकेच! पहिल्या महायुद्धात कोळसा दुर्मीळ झाला, वनस्पती मेल्या आणि १९२० मध्ये ती वास्तू पाडण्यात आली.

वास्तविक वेगळा विचार याच देशात त्यापूर्वी मांडला गेला होता. न्यूटनचा स्नेही, स्विस गणितज्ञ निकोला फातिओ याने १६९९ मध्ये फळझाडांच्या भिंतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भिंत सरळ उभी न बांधता सूर्याकडे कलती बांधावी, असे त्याचे प्रतिपादन होते. हे हरितगृह नव्हे. परंतु दिवसाची उष्णता साठवून रात्री परत देणारी भिंत हे त्याचे मूलतत्त्व होते. पॅक्स्टनला क्रिस्टल पॅलेसने अमर केले. फातिओची ही बाजू मात्र उपेक्षित राहिली, असे म्हणावे लागेल.

हेच तत्त्व १९८० च्या दशकात उत्तर चीनमधील हरितगृहांत व्यापक प्रमाणावर दिसून येते. उत्तरेस मातीची जाड भिंत, दक्षिणेस प्लास्टिकचे उतरते आवरण आणि सायंकाळी त्यावर पसरण्याच्या पेंढ्याच्या चटया. एवढ्या साधनांवर, फारसे इंधन न जाळता, हिवाळ्यात भाजीपाला पिकू लागला.

याउलट नेदरलँड्समधील काचगृहे ग्रोनिंगेन येथे १९५९ मध्ये सापडलेल्या स्वस्त वायूवर विसंबून वाढली. १९७३ च्या तेलसंकटानंतर रात्री उष्णता रोखणारे पडदे तेथे रूढ होत गेले, तथापि वायूवरील भिस्त सुटली नाही. २०२२ मध्ये वायूचे दर भडकताच अनेक उत्पादकांना लागवड लांबवावी किंवा घटवावी लागली.

लडाखमधील हरितगृहे चिनी रचनेशी नाते सांगतात. तेथे कच्च्या विटांच्या दुहेरी भिंतींत पेंढा भरतात, दक्षिणेकडे पॉलिथिन लावतात आणि शून्याखालील थंडीत पालक पिकवितात.