कमानीचा आवाज : सुरत, तोडेदार बंदूक आणि पोलादी स्प्रिंग

बंदुकीच्या ज्या भागावर बोट ठेवतात त्याला मराठीत 'चाप' म्हणतात, आणि घड्याळातील स्प्रिंगला जुनी माणसे 'कमान' म्हणत. चाप संस्कृत, कमान फारसी. दोहोंचाही मूळ अर्थ धनुष्य. उर्दूतील 'कमानी' याच घराण्यातली. वाकवलेली, ताणलेली आणि सुटताच झेपावणारी वस्तू पाहून दोन वेगळ्या भाषांना धनुष्यच आठवावे, ही गोष्ट अभ्यासकांना मोलाची वाटावी अशी आहे. 'तोफ' आणि 'चकमक' हे शब्द तुर्कीतून आले, 'काडतूस' पोर्तुगिजांकडून, तर 'गारदी' हा फ्रेंच 'गार्द'वरून आल्याचे मानतात. शब्द आले, शस्त्रेही आली. मात्र जिच्या बळावर पुढची सारी बंदूक उभी राहिली ती पोलादी कमान हिंदुस्थानात फार उशिरा रुळली. ती का रुळली नाही, याचे एक जुने उत्तर सुरतेत सापडते.

तापीकाठचा सुरतेचा किल्ला गुजरातच्या सल्तनतीतील अमीर खुदावंद खान याने १५४० च्या दशकात पोर्तुगिजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी बांधला. १५३८ साली उस्मानी आरमार सुलेमान पाशाच्या नेतृत्वाखाली दीववर चालून आले होते. ती मोहीम फसली, पण त्या आरमाराच्या मोठ्या तोफांपैकी काही याच किनाऱ्यावर राहिल्या. १५७३ साली अकबराने सुरत जिंकली तेव्हा किल्ल्यात या 'सुलेमानी' तोफा पाहून त्याने त्या आग्र्याला नेण्याची आज्ञा केली, असे मोगल इतिहासकार लिहितात. सांगायचे ते इतकेच, की दारूगोळ्याच्या विद्येत हे बंदर जगापासून तुटलेले नव्हते.

अकबराला बंदुकांचा नाद होता. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फज्ल नमूद करतो की, बादशाही कारखान्यात अशा बंदुका तयार झाल्या, ज्या पेटता तोडा न लावता केवळ कळीच्या हलक्या हालचालीने सुटत. हे वर्णन युरोपातील चाकाच्या कळीशी जुळते. त्या कळीत घट्ट ताणलेली कमान दातेरी चाक फिरवते आणि चाकाच्या घर्षणाने ठिणगी पडते. म्हणजे कल्पना ठाऊक होती, नमुनाही तयार झाला होता; पण तो बादशाही कारखान्याबाहेर पसरला नाही. शिपायाच्या हाती पुढची दोन शतके तोडेदार बंदूकच राहिली.

तोडेदार बंदुकीची रचना साधी असते. चाप ओढला की पेटता तोडा धरलेला आकडा खाली झुकतो आणि कानातल्या दारूला आग लागते. सारे काम बोटाच्या जोरावर चालते. आत कमान असलीच तर आकडा पुन्हा मागे आणण्यापुरती एक लहानशी पट्टी. त्यामुळे ही कळ जवळजवळ मुकी असते. याउलट गारेच्या बंदुकीत इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी दुमडलेली जाड कमान असते. घोडा चढवताना तिचा खटका स्पष्ट ऐकू येतो, आणि सुटताना ती गारेला पोलादावर आपटते. बंदुकीच्या यंत्राला स्वतःचा आवाज मिळाला तो खऱ्या अर्थाने या कमानीमुळे.

जॉन ओव्हिंग्टन हे इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेत होते. त्यांचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. येथील कारागिरांच्या अनुकरणकौशल्याची ते मनापासून स्तुती करतात. मात्र घड्याळे बनवण्याच्या वाटेला हे लोक गेले नाहीत, असे सांगून ते त्याचे एक संभाव्य कारणही देतात : येथील धूळ यंत्रात शिरून कमानी आणि चाके अडवून टाकते. ओव्हिंग्टन येण्यापूर्वी दहाएक वर्षे, १६७८ मध्ये, रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा ताण आणि बळ यांचा नियम छापून प्रसिद्ध केला होता. तिकडे कमानीचे गणित मांडले जात होते आणि इकडे तिच्यात धूळ जात होती, असे गमतीने म्हणता येईल.

पण धुळीचे उत्तर अर्धेच खरे आहे. धूळ काही फक्त घड्याळात शिरत नाही. गारेच्या दगडाचा तुटवडा होता असेही म्हणता येत नाही, कारण खंभातच्या बाजूला अकीक मुबलक आणि पोलादावर आपटल्यास अकीकातूनही ठिणगी पडते. अडचण पोलादात होती, तीही पोलाद वाईट होते म्हणून नव्हे. तलवारीसाठी जगभर नावाजलेले दख्खनचे मुशीतील पोलाद कार्बनने फार समृद्ध, साधारण सव्वा ते पावणेदोन टक्के. धारेला ते उत्तम, पण कमानीला ठिसूळ. कमानीसाठी याहून कमी कार्बनचे, सर्वत्र एकसारखे पोलाद लागते. ते तापवून पाण्यात वा तेलात विझवावे लागते आणि पुन्हा मंद आचेवर उतरवावे लागते. शिवाय कळीचे भाग जोडायला नेमके स्क्रू हवेत. हिंदुस्थानी कारागीर आटे कापण्याऐवजी खिळ्याभोवती तार गुंडाळून डाख देत, याकडे प्रा. इरफान हबीब यांनी लक्ष वेधले आहे. अशा स्क्रूवर जोरदार कमानीचे आघात किती दिवस टिकणार? तोडेदार बंदूक स्वस्त होती, तिची नळी चांगली होती आणि ती गावच्या लोहाराकडे दुरुस्त होत असे. तिला चिकटून राहणे हा हट्ट नव्हता, तो हिशेब होता. 'पौर्वात्य मन' नावाच्या गोष्टीवर हा दोष टाकणाऱ्यांनी भट्टीकडे पाहिले नाही.

परिस्थिती बदलली तेव्हा कारागिरही बदलले. फ्रेंच पद्धतीने शिकलेला इब्राहीमखान गारदी १७६० साली उदगीरला आणि पुढच्या वर्षी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. त्याच्या पलटणींची भिस्त बंदुकांच्या शिस्तबद्ध माऱ्यावर होती. महादजी शिंद्यांच्या फौजेसाठी आग्र्याला बंदुका तयार होत. टिपू सुलतानाच्या कारखान्यांत बनलेल्या, वाघाच्या पट्ट्यांची नक्षी असलेल्या गारेच्या बंदुका आज संग्रहालयांत पाहायला मिळतात; त्यांच्या कळी आणि कमानी म्हैसूरच्याच कारागिरांच्या हातच्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी जे जमत नव्हते ते आश्रय आणि साहित्य मिळताच जमले.

यानंतरची मोठी उडी वेटोळ्याच्या स्प्रिंगची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंभरणाची पिस्तुले आली आणि स्प्रिंगवर नवे काम पडले : गोळी सुटल्यावर मागे गेलेला भाग पुन्हा पुढे आणणे. ब्राउनिंगच्या १९०० सालच्या पिस्तुलात ही स्प्रिंग नळीच्या वर होती आणि तीच आघातसुईलाही बळ देई. लुगर पिस्तुलात आधी चपटी पट्टी होती; १९०६ च्या नमुन्यात तिच्या जागी वेटोळे आले. वेटोळे टिकाऊ खरे, पण त्याचा एक स्वभाव आहे. दाबले की ते किंचित फुगते आणि त्याची टोके थोडी फिरतात. त्यामुळे वेढे आतल्या दांड्याला वा बाहेरच्या खोबणीला घासतात आणि स्लाइड हाताने ओढताना कर्रकर्र ऐकू येते. गोळीबाराच्या दणक्यात हा आवाज बुडून जातो. शांत खोलीत मात्र धारकाला तो दोषच वाटतो.

बहुतेक वेळा तो दोष नसतो. दांडा खडबडीत असेल, स्प्रिंगचे टोक नीट घासून सपाट केलेले नसेल, वंगण वाळले असेल किंवा त्यात धूळ बसली असेल, तर आवाज वाढतो. उपायही त्याच क्रमाने येतात : सफाई, ग्रीसचा पातळ थर, गुळगुळीत दांडा, आणि स्प्रिंग थकून आखूड झाली असल्यास त्याच मापाची नवी. आवाज जावा म्हणून वेढे कापणे किंवा हलकी स्प्रिंग घालणे हा उपाय नव्हे. त्याने स्लाइड पूर्ण पुढे येत नाही किंवा मागे जोरात आदळते. पट्टीच्या तारेची स्प्रिंग आणि एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा, या अलीकडच्या सुधारणा प्रामुख्याने जागा वाचवण्यासाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी झाल्या. भारतात हे काम १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक कारागिराचे आहे.

पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले नऊ मिलिमीटरचे '१ ए' पिस्तूल ब्राउनिंगच्याच १९३५ च्या रचनेवर आधारलेले आहे. त्याची स्प्रिंग नळीखाली दांड्यावर बसते. ते उघडून साफ करणारा कारागीर आधी त्या वेढ्यांमधली धूळ पुसतो.