दिवाळीचा खर्च : बोनस, हप्ते आणि सोने

दिवाळीचा बोनस खात्यात जमा होण्याआधीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात, हा बहुतेक नोकरदार घरांचा अनुभव. किराणा, कपडे, पाडवा-भाऊबीजेची ओवाळणी, घरकामाच्या मावशी व सोसायटीच्या रखवालदाराची पोस्त, गावी जाण्याचे भाडे आणि त्याच सुमारास मुलांच्या दुसऱ्या सत्राचे शुल्क. त्यात दुकानदारांच्या सवलतींची भर. या खर्चाचा ताण ऐन सणात जाणवत नाही. तो जाणवतो डिसेंबर-जानेवारीत, क्रेडिट कार्डाचे बिल हाती पडते तेव्हा.

बोनसचा अंदाज बांधताना दोन गोष्टी विसरल्या जातात. कायद्याने देय असलेला बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. १९६५ च्या बोनस कायद्यातील ही टक्केवारी २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. मात्र तिची आकारणी हातात पडणाऱ्या एकूण पगारावर होत नाही. तिला मर्यादा असतात. दुसरे असे की, बोनस हा प्राप्तिकराच्या दृष्टीने वेतनच होय. ज्यांचे उत्पन्न करपात्र आहे, त्यांनी कर वजा जाता उरणारी रक्कम धरूनच यादी करावी.

‘शून्य टक्के व्याज’ हा या दिवसांतील सर्वांत लोकप्रिय शब्दप्रयोग. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. त्यानंतर तीच योजना ‘नो कॉस्ट ईएमआय’ या नावाने अधिक जोमाने फोफावली. तिचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, मोबाइलची किंमत ३६ हजार रुपये असून १२ महिने दरमहा ३ हजार भरावयाचे आहेत. व्याजदर १५ टक्के असल्यास प्रत्यक्ष कर्ज सुमारे ३३ हजार २४० रुपयांचे दाखविले जाते आणि उरलेले २ हजार ७६० रुपये हे व्याज असते. विक्रेता किंवा उत्पादक तेवढी सवलत देतो, म्हणून ग्राहकाला व्याज दिसत नाही. परंतु कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे येथे सुमारे ५०० रुपये. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील जीएसटी वेगळा. रक्कम मोठी नाही हे खरे. पण एकरकमी पैसे दिल्यास दुकानदार किती कमी करील, हे विचारल्याशिवाय हप्त्यांना होकार देऊ नये.

त्याहून गंभीर प्रकार म्हणजे कार्डाच्या बिलातील ‘किमान देय रक्कम’. ४० हजारांचे बिल आले आणि ग्राहकाने त्यातील ५ टक्के, म्हणजे २ हजार भरले, तर दंड टळतो. व्याज टळत नाही. दरमहा साडेतीन टक्के दर धरल्यास उरलेल्या ३८ हजारांवर महिन्याला १ हजार ३३० रुपये व्याज आणि त्यावर सुमारे २४० रुपये जीएसटी. पुढील महिन्यात पुन्हा २ हजार भरले तरी मुद्दल जेमतेम ४०० रुपयांनी उतरते. मागील बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अशा वेळी कार्डाचा वापर थांबवून, कमी दराने वैयक्तिक कर्ज किंवा मुदत ठेवीवर कर्ज घेऊन बिल संपूर्ण फेडणे स्वस्त पडते.

झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपबाबत एवढेच सांगता येईल की, कर्जापूर्वी सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखविणारे मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. ते मिळत नसेल तर व्यवहार करू नये.

सोन्याविषयी मात्र थोडे सविस्तर. धनत्रयोदशीला सराफी पेढ्यांवर रांगा लागतात (साडेतीन मुहूर्तांत धनत्रयोदशी नाही, अर्धा मुहूर्त पाडव्याचा, पण खरेदीच्या उत्साहाला हिशेब चालत नाही). दागिना आणि गुंतवणूक या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. दागिन्यावर दिलेली घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही. गुंतवणूकच करावयाची असल्यास वळे किंवा नाणे बरे, त्यांची घडणावळ कमी असते. दागिना घेताना बीआयएसचे चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक पाहावा. हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने, तर एचयूआयडीची १ एप्रिल २०२३ पासून झाली. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर दुकानातच पडताळता येतो. सराफ नाराज होईल, हा संकोच नको.

सराफांच्या मासिक हप्ता योजना बहुधा ११ महिन्यांच्याच का असतात? वस्तूपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत फेडली नाही, तर २०१४ च्या कंपनी नियमांनुसार ती ठेव ठरते. पेढी बंद पडल्यास या पैशांना विम्याचे संरक्षण नाही. बँकेतील ठेवींना ते ५ लाखांपर्यंत आहे. ओळखीतल्या भिशीचेही तेच. तिथे सारा भरवसा माणसांवर.

गावी जाणाऱ्यांसाठी : एसटीत महिलांना निम्मे भाडे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची सवलत आहे. खासगी बसना एसटीच्या तशाच बसच्या दीडपटीपेक्षा अधिक भाडे घेता येत नाही, असा एप्रिल २०१८ चा शासन निर्णय असून तक्रार परिवहन कार्यालयाकडे करता येते. तिकीट मात्र जपून ठेवावे. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते.

पुढील वर्षाची तरतूद करावयाची असेल तर डिसेंबरात बँकेत नऊ महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. दरमहा २ हजार भरल्यास सप्टेंबरात १८ हजार रुपये व त्यावरील व्याज हाती येते, म्हणजे नवरात्राची खरेदी सुरू होण्याच्या सुमारास.