दुबळ्या ओळखींचे बळ

नोकरीसाठी ओळख लागते, हे वाक्य मराठी मध्यमवर्गात बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारले जाते. ‘वशिला’ या शब्दाला चिकटलेला कमीपणा त्यामागे असतो. गुणवत्ता असेल तर कोणाच्या दारी जाण्याचे कारण नाही, या संस्कारात वाढलेला उमेदवार जाहिराती पाहून अर्ज धाडत राहतो. आणि काही जागा जाहिरात निघण्यापूर्वीच भरल्या गेल्याचे त्याला उशिरा कळते. वास्तविक वशिला आणि व्यावसायिक संपर्क यांत मूलभूत फरक आहे. वशिल्याने अपात्र माणसाला जागा मिळते. संपर्काने जागेची बातमी पात्र माणसापर्यंत पोहोचते.

या बातमीच्या प्रवासाचा बारकाईने अभ्यास केला तो अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी. बोस्टनजवळील न्यूटन येथे नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना त्यांनी विचारले, ‘ज्यांच्याकडून जागेची माहिती मिळाली, त्यांची-तुमची भेट तेव्हा किती वेळा होत असे?’ त्यांचा निबंध १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’त प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोक त्या व्यक्तीला वरचेवर भेटत असत. ५५.६ टक्के अधूनमधून, तर २७.८ टक्के वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित भेटत. कारण साधे आहे. जिवलग मित्रांचे वर्तुळ एकच असते. जे एकाला ठाऊक, तेच दुसऱ्याला. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या, जुजबी परिचयाच्या माणसाकडून. जुना सहकारी, पूर्वीचा वरिष्ठ, एखाद्या चर्चासत्रात शेजारी बसलेला गृहस्थ अशी ही माणसे असतात.

‘लिंक्डइन’ या संकेतस्थळाच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. त्यांनी या सिद्धांताला पुष्टी दिली, पण एक दुरुस्तीही केली. अगदीच नाममात्र ओळख फारशी कामाची नसते. मध्यम दुबळी ओळख सर्वाधिक उपयोगी ठरते. हजारो अनोळखी नावे गोळा करण्याचा छंद असलेल्यांनी हे ध्यानी घ्यावे.

अर्थात अशी ओळख टिकवणे हे ती करण्यापेक्षा अवघड. दिवाळीला दोनशे जणांना एकच संदेश पाठवून संपर्क राहत नाही. तो वाचलाही जात नाही. त्यापेक्षा भेटीनंतर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तारीख व विषय टिपून ठेवावा, समोरच्याच्या कामाशी संबंधित एखादे कात्रण वर्षा-दोन वर्षांनी धाडावे, बढतीचे वृत्त कळल्यास दोन ओळी लिहाव्यात. थेट नोकरी मागितली की समोरचा संकोचतो. त्या क्षेत्राची माहिती विचारल्यास बहुतेक जण आनंदाने बोलतात. कोणी नाव सुचवले असेल, तर पुढे काय झाले ते, निवड झाली नाही तरीही, त्याला आवर्जून कळवावे. येथे बहुतेकांची चूक होते. शिवाय मदत मागण्याची वेळ येण्यापूर्वी आपण काही दिलेले असणे उत्तम. नोकरी गेल्यावर प्रथमच केलेल्या दूरध्वनीतील ओशाळेपणा दोन्ही बाजूंना जाणवतो.

संघटित रूपातही हे काम जुने आहे. वकील पॉल हॅरिस यांनी १९०५ साली शिकागोत रोटरी क्लब स्थापला, तो विविध व्यवसायांतील माणसे एकत्र यावीत म्हणून. पुण्यात मराठा चेंबर १९३४ साली उभे राहिले, तर उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली.

मात्र ओळखींचे जाळे आपल्यासारख्यांनाच आत घेते, हा त्याचा मोठा दोष होय. एकच महाविद्यालय, एकच वस्ती, अनेकदा एकच जात. कर्मचाऱ्यांच्या शिफारशीवर भरती करणाऱ्या कंपनीत, घरातील पहिलाच पदवीधर असलेल्या लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीचे नाव सुचवणार कोण? तिच्यासाठी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी व प्राध्यापक हीच पहिली कडी असते. माजी विद्यार्थ्यांची अद्ययावत यादी ठेवणे आणि ती विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणे, एवढे काम कोणत्याही लहान महाविद्यालयाला खर्चाविना करता येण्यासारखे आहे.