मृत्युमान, तरुण प्रौढांचे (श्रीमंत देशांतील)

सुमारे १५ ते ३४ वर्षे या वयोगटातील एका वर्षातील मृत्यूंचे त्या गटाच्या एकूण लोकसंख्येशी असलेले प्रमाण म्हणजे तरुण प्रौढांचे मृत्युमान होय. ते सामान्यतः दर लाख व्यक्तींमागे देतात. काही अभ्यासक या गटाची वरची मर्यादा ३९ किंवा ४४ वर्षांपर्यंत नेतात. वार्धक्यातील मृत्युमानाच्या तुलनेने हे प्रमाण नेहमीच अल्प असते. तथापि अशा प्रत्येक मृत्यूबरोबर आयुष्याची चार-पाच दशके वाया जातात, कुटुंबाचा कर्ता आधार नाहीसा होतो आणि अनेकदा लहान मुले पोरकी होतात. या वयात शरीर सर्वांत सुदृढ असल्यामुळे मृत्यूची कारणे बहुधा साथ, प्रसूती, युद्ध, रस्ता, शस्त्र, व्यसन किंवा वैफल्य यांत शोधावी लागतात. त्यामुळे समाजाच्या घडीतील दोष या वयोगटाच्या आकड्यांत विशेष स्पष्टपणे उमटतात.

मापनाचा विकास : लंडनच्या मृत्युपत्रकांवरून जॉन ग्राँट (१६२०–७४) यांनी १६६२ मध्ये मृत्यूंचा पहिला पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या पत्रकांत मृतांच्या वयाची नोंद नसे. ग्राँट यांना ते अनुमानाने ठरवावे लागले. वयवार नोंदी उपलब्ध असलेल्या ब्रेस्लौ (सध्याचे पोलंडमधील व्रॉट्सवाफ) शहराच्या आधारे एडमंड हॅली (१६५६–१७४२) यांनी १६९३ मध्ये आयुर्मान सारणी तयार केली. स्वीडनमध्ये १७४९ पासून धर्मोपदेशकांमार्फत देशव्यापी लोकसंख्या-नोंदी सुरू झाल्या, तर इंग्लंड व वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी होऊ लागली. तेथील निबंधक कार्यालयात विल्यम फार (१८०७–८३) यांनी मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण रूढ केले.

प्रौढ वयात मृत्यूचा धोका वाढत्या वयाबरोबर गुणोत्तर श्रेणीने वाढतो, हे बेंजामिन गॉम्पर्ट्‌झ यांनी १८२५ मध्ये दाखविले. परंतु तारुण्यातील मृत्यू या नियमात नीट बसत नाहीत. डॅनिश गणितज्ञ टी. एन. थीले (१८३८–१९१०) यांनी १८७१ मध्ये मृत्युमानाच्या आलेखाचे बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असे तीन घटक पाडले व मधल्या घटकाला उंचवट्याचे रूप दिले. पुढे हेलिगमन आणि पोलार्ड यांनी १९८० मध्ये मांडलेल्या सूत्रात हा उंचवटा ‘अपघाती उंचवटा’ म्हणून ओळखला गेला. हा उंचवटा निसर्गाने ठरवून दिलेला नसून देश व काळ यांनुसार त्याचे आकारमान बदलते. किंबहुना प्रस्तुत विषयाचा इतिहास म्हणजे त्याच्या चढउतारांचाच इतिहास होय.

क्षय आणि प्रसूती : एकोणिसाव्या शतकात पश्चिम यूरोपातील तरुणांचा सर्वांत मोठा शत्रू क्षयरोग हा होता. कोंदट घरे, दाट वस्ती, अपुरा आहार व कारखान्यांतील दीर्घ श्रम यांमुळे तो फोफावला. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला; परंतु त्यावर परिणामकारक ठरलेले स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ मध्येच हाती आले. इंग्लंडमध्ये तत्पूर्वीच क्षयाच्या मृत्यूंत मोठी घट झालेली होती. टॉमस मक्यूअन यांनी तिचे श्रेय प्रामुख्याने सुधारलेल्या आहाराला दिले. सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये या मताचे खंडन करून नगरपालिकांच्या आरोग्यविषयक कार्यावर भर दिला. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. औषधाच्या आधी सामाजिक बदल आला, एवढे मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत प्रसूती हे दुसरे मोठे कारण होते. इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे हात निर्जंतुक करून सूतिकाज्वर टाळता येतो हे सिद्ध केले. तरीही इंग्लंड व वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० नंतरच्या काही वर्षांपर्यंत दर हजार जन्मांमागे सुमारे चार ते पाच माता मरण पावत. या काळात राष्ट्रीय संपत्ती अनेक पटींनी वाढूनही हा आकडा फारसा हलला नाही. याउलट, प्रशिक्षित सुईणींची व्यवस्था गावोगावी पोहोचविणाऱ्या स्वीडनमध्ये तो विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या सुमारे निम्मा होता. १९३५ पासून सल्फा औषधे आणि त्यानंतर रक्तपुरवठ्याच्या सोयी व पेनिसिलीन उपलब्ध होताच इंग्लंडमधील प्रमाण वेगाने घसरले व १९५० च्या सुमारास हजारी एकाच्या आत आले.

साथ व युद्ध : पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) यूरोपातील तरुण पुरुषांची एक पिढी विरळ केली. लगोलग आलेल्या १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाचे वैशिष्ट्य असे, की त्यात बालके व वृद्ध यांच्याबरोबरच २० ते ४० या वयाची धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने दगावली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्या एका वर्षात सरासरी आयुर्मान सुमारे बारा वर्षांनी खाली आले.

वाहने, आत्महत्या आणि एड्स : दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकांमुळे संसर्गजन्य रोग मागे हटले. अमेरिकेत २५ ते ३४ या वयोगटाचे मृत्युमान १९०० मध्ये (नोंदणी असलेल्या राज्यांत) दर लाखास सुमारे ८२० होते. ते १९५० पर्यंत सुमारे १७९ वर उतरले. मात्र समृद्धीबरोबर मोटारगाड्या वाढल्या आणि तारुण्यातील मृत्यूची जागा रुग्णालयातून रस्त्यावर आली. रस्त्यांवरील अपघाती मृत्यूंनी स्वीडनमध्ये १९६६ साली (१,३१३), जपानमध्ये १९७० साली (१६,७६५) आणि अमेरिकेत १९७२ साली (५४,५८९) उच्चांक गाठला. त्यानंतरचे उपाय वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे होते : नील्स बूलिन यांचा तीन बिंदूंनी जखडणारा सुरक्षा पट्टा (१९५९), ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केलेली त्याची सक्ती (१९७०), मद्यप्राशनासाठी किमान वय २१ करण्यास राज्यांना भाग पाडणारा अमेरिकेतील कायदा (१९८४), तसेच रस्त्यावर एकही बळी जाऊ नये हे उद्दिष्ट स्वीकारणारे स्वीडनचे धोरण (१९९७). २०२३ पर्यंत स्वीडन व जपान येथील बळींची संख्या उच्चांकाच्या सुमारे एक षष्ठांश झाली. अमेरिकेत त्याही वर्षी ती चाळीस हजारांच्या वर होती. लोकसंख्यावाढ जमेस धरली, तरी तेथील घट निम्म्याहून थोडीच अधिक भरते.

आत्महत्येच्या बाबतीत जपानचे उदाहरण बोलके आहे. आर्थिक मंदीच्या काळात, १९९८ मध्ये, तेथील वार्षिक आत्महत्यांनी तीस हजारांचा टप्पा ओलांडला. २००६ मध्ये याविषयी स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि २०१२ मध्ये ही संख्या पुन्हा तीस हजारांखाली आली. तथापि तरुणांतील मृत्यूंचे आत्महत्या हे पहिल्या क्रमांकाचे कारण तेथे अद्याप टिकून आहे.

संसर्गाचे युग संपले, हा समज एड्सने खोटा ठरविला. या रोगाची पहिली अधिकृत वार्ता अमेरिकेत जून १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९० नंतरच्या काही वर्षांत २५ ते ४४ या वयाच्या अमेरिकन पुरुषांच्या मृत्यूचे ते प्रमुख कारण बनले. १९९६ पासून अनेक औषधांचे संयुक्त उपचार सुरू होताच पुढील एका वर्षात एड्समुळे होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

अमेरिकेची वेगळी वाट : एकविसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक श्रीमंत देशांत तरुणांचे मृत्युमान घटत राहिले. अमेरिकेत मात्र ते २०१० नंतर वाढू लागले. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकाँटिनसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांचा सढळ वापर, सु. २०१० पासून हेरॉइन आणि सु. २०१३ पासून बेकायदा मार्गाने येणारे अतितीव्र फेंटानिल, अशा तीन लाटा एकामागून एक आल्या. औषधे व मादक पदार्थ यांच्या अतिमात्रेमुळे १९९९ मध्ये सुमारे १७ हजार, तर २०२२ मध्ये सुमारे १ लाख ८ हजार अमेरिकन मरण पावले. बंदुकांची भर त्यात पडली; २०२० मध्ये १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांना मागे टाकले. शेजारच्या कॅनडातही ब्रिटिश कोलंबिया प्रांताला २०१६ मध्ये अतिमात्रेच्या मृत्यूंमुळे सार्वजनिक आरोग्य-आणीबाणी जाहीर करावी लागली. अँगस डीटन व ॲन केस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मध्यमवयीन गौरवर्णीय अमेरिकनांतील अशी मृत्युवाढ निदर्शनास आणली आणि तिचा संबंध श्रमिकांच्या ढासळत्या जीवनमानाशी जोडला. मादक द्रव्यांच्या पुरवठ्यातील बदल हे अधिक महत्त्वाचे कारण आहे, असे इतर काही अभ्यासक मानतात.

अमेरिकेतील २५ ते ३४ या वयोगटाचे मृत्युमान २०१९ मध्ये दर लाखास सुमारे १२९ होते. त्याच सुमारास जपान, स्वित्झर्लंड व स्वीडन या देशांत ते याच्या निम्म्याहूनही कमी होते. कोविड-१९ ची साथ व अतिमात्रेचे मृत्यू एकत्र आल्याने २०२१ मध्ये ते सुमारे १८१ वर गेले, म्हणजे १९५० च्या पातळीला पुन्हा पोहोचले. २०२३ मध्ये ते सुमारे १४८ पर्यंत उतरले, तरी २०१९ च्या पातळीपेक्षा जास्तच राहिले. सात दशकांतील प्रतिजैविके, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभाग यांनी मिळविलेला लाभ एका वयोगटापुरता जणू पुसला गेला.

निष्कर्ष : बालमृत्यू कमी करण्याचे मार्ग सर्वत्र बव्हंशी सारखे आहेत आणि संपत्ती वाढली की ते सुलभ होतात. तारुण्यातील मृत्यूंबाबत असा सरळ संबंध आढळत नाही. सुईणींची सोय असलेला तुलनेने गरीब स्वीडन संपन्न इंग्लंडच्या पुढे होता आणि आज सर्वांत अधिक आरोग्यखर्च करणारा देश या बाबतीत इतर श्रीमंत देशांच्या मागे आहे. रस्ते कसे बांधावेत, शस्त्रे कोणाला मिळावीत, औषधांच्या विक्रीवर किती नियंत्रण असावे आणि रोजगार गमावलेल्या माणसाला आधार कोणी द्यावा, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक समाज आपल्या कायद्यांतून व रूढींतून देत असतो. तरुणांचे मृत्युमान हे त्या उत्तरांचे मोजमाप आहे. ते एकदा खाली आले म्हणजे कायमचे खालीच राहील, अशी शाश्वती गेल्या दोन शतकांचा इतिहास देत नाही.