कूलर, ग्राफिक्स कार्डचा

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डवरील मूळ कूलर काढून त्याजागी बसवायचे, कमी आवाजाचे स्वतंत्र उपकरण. ग्राफिक्स चिपची उष्णता कूलरच्या तळातून हीट पाइपमध्ये जाते. तेथील द्रवाची वाफ होऊन ती उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांपर्यंत नेते. पुढे पंख्याची हवा ती वाहून नेते.

आवाज मुख्यतः पंख्याच्या वेगावर अवलंबून असतो. वेग निम्मा केल्यास हवेचा प्रवाह निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे १५ डेसिबेलने घटतो. त्यामुळे पट्ट्यांचे क्षेत्रफळ मोठे ठेवून मोठे पंखे सावकाश फिरवणे हा शांततेचा खात्रीचा मार्ग ठरतो. रायजिनटेक कंपनीच्या ‘मॉर्फियस २’मध्ये १२ हीट पाइप असून त्यावर १२० मिमी. चे दोन पंखे बसतात.

निवड करताना चिपभोवतीच्या छिद्रांमधील अंतर कूलरशी जुळते का, हे प्रथम पाहावे. कूलरची क्षमता कार्डच्या वीजवापराहून पुरेशी जास्त असावी. एका स्लॉटची रुंदी २०.३२ मिमी. असते, मोठे कूलर तीन किंवा अधिक स्लॉट अडवतात, म्हणून कॅबिनेटमधील जागा मोजावी. मेमरी चिप व व्होल्टेज नियंत्रक भागांसाठी वेगळे हीट सिंक आवश्यक असतात. ते न लावल्यास मुख्य चिप थंड राहूनही कार्ड निकामी होऊ शकते. ब्लोअर प्रकारचा मूळ कूलर गरम हवा बाहेर टाकतो, तर असे खुले कूलर ती बहुतांशी कॅबिनेटमध्येच सोडतात. त्यामुळे कॅबिनेटला हवा बाहेर काढणारा पंखा हवा. मूळ कूलर काढल्याने वॉरंटी धोक्यात येऊ शकते. तिच्या अटी आधी वाचाव्यात.