‘पळणारी गाडी’ आरसी बुकात का सापडत नाही? नांदेड-लातूरच्या जुन्या गाड्यांचा इतिहास कसा लिहायचा

पेट झाली, आता विषय काय घ्यायचा, असं विचारणाऱ्यांसाठी आज एक वेगळंच उदाहरण घेतो. समजा तुमच्या एखाद्या मित्राने विचारलं, “बजेट कमी आहे. जुनी, पण जरा पळणारी, स्पोर्टी गाडी घ्यायचीय. रोज नांदेड ते लोहा जाणं-येणं आहे. कोणती घेऊ?” तुम्ही म्हणाल, हा प्रश्न मेस्त्रीला विचारायचा, इतिहासाच्या विद्यार्थ्याला काय विचारता? पण बघा, मित्रासमोर जे चार-पाच पर्याय आहेत ते त्याने निवडलेले नाहीत. तेवढेच का उरले, याला कारणं आहेत, आणि ती कारणं शोधणं हे आपलंच काम आहे.

पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. तुम्ही प्रस्तावात लिहिलं ‘मराठवाड्यातील स्पोर्ट्स कारचा इतिहास’ आणि आरटीओत गेलात, तर हाती काहीच लागणार नाही. आरसी बुकात वाहनाचा वर्ग असतो, इंजिनाची सीसी असते, इंधन, आसनं, चेसिस नंबर असतो. ‘स्पोर्ट्स’ असा रकाना नसतो. दोन दरवाज्यांची, दोन आसनांची खरी स्पोर्ट्स कार सामान्य माणसाच्या आवाक्यात आपल्याकडे जवळजवळ आलीच नाही. सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची छोटी गाडी नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली, रेनोच्या १.२ लिटर इंजिनावर. ती किती जणांनी रस्त्यावर बघितली असेल, हा वेगळाच प्रश्न. म्हणजे तुमचा प्रवर्ग कागदात नाही, लोकांच्या बोलण्यात आहे. आपल्याकडे शब्द कोणते? ‘पिकअप आहे’, ‘गाडी पळते’, ‘ओढते’. आरआरसीसमोर पहिला प्रश्न हाच येतो की तुमची व्याख्या कुठून आली. व्याख्या परदेशी मासिकातून आणायची की माहिती देणाऱ्याच्या तोंडून घ्यायची, हे आधी ठरवा. मी दुसरी बाजू घेईन.

ही व्याख्या घेतली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. ‘पळणारी’ हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी पद्मिनी १०८९ सीसीची, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. दुसरा पर्याय अॅम्बेसेडर. त्या काळात गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट होती, तिचा पिकअप कोण विचारतो? म्हणून आपल्या भागात वेगाची हौस आधी दुचाकीवर भागली. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली, १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १००. त्याच १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, अॅव्हरेजच्या जोरावर. पुढची पंधरा वर्षं बाजार कुणी जिंकला ते सांगायला नको. पण ९८ सीसीची आणि ११ अश्वशक्तीची आरएक्स १९९६ ला बंद होऊनही आजपर्यंत पोरं रोज चालवतात. तिच्याहून कितीतरी ताकदवान असलेली राजदूत ३५० मात्र हौशी लोकांच्या शेडमध्ये गेली, कारण ती पेट्रोल पिते. हा फरक लक्षात ठेवा, गाड्यांमध्येही हेच घडतं.

१९९३ मध्ये मोटारनिर्मिती परवान्यातून मोकळी झाली. त्याच वर्षी झेन आली, १९९४ ला एस्टीम. पण आपल्या मित्राच्या प्रश्नासाठी खरी महत्त्वाची वर्षं १९९९ ते २००४ ही आहेत. १९९९ च्या शेवटी फोर्डची आयकॉन १.६ आली. मग होंडा सिटी १.५ व्हीटेक, १०६ अश्वशक्ती. २००१ ला फियाटची पॅलिओ, तिचं १.६ चं मॉडेल १०० अश्वशक्तीचं. आणि त्याच वर्षी स्कोडाने ऑक्टाव्हियाची जुळणी कुठे सुरू केली? औरंगाबादला. तिचंच पुढे आरएस मॉडेल निघालं, १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती. म्हणजे त्या वेळच्या देशातल्या सगळ्यात जोरकस ‘घरगुती’ गाड्यांपैकी एक मराठवाड्यातच तयार होत होती, आणि तरी नांदेड-लातूरमध्ये ती नवी घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. कारखाना शेजारी असला म्हणून बाजार शेजारी असतोच असं नाही. प्रादेशिक इतिहास लिहिताना हे वारंवार निसटतं.

या गाड्यांचा काळ आखूड ठरला. होंडाने २००३ मध्ये नवी सिटी आणली ती ७७ अश्वशक्तीची, अॅव्हरेजवाली. ताकद कमी केली आणि गाडी जास्त खपली! तिकडे डिझेल स्वस्त. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात दरी इतकी वाढली की २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. अशा वेळी १.६ लिटरची पेट्रोल गाडी कोण ठेवणार? पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या पहिल्या मालकांनी त्या काढून टाकल्या आणि त्या भाव पडून आपल्यासारख्या जिल्ह्यांकडे सरकल्या. म्हणजे तुमच्या मित्राला आज जी ‘परवडणारी’ वाटते तिची किंमत तिच्या गुणांवर ठरलेली नाही. त्यामागे दिल्लीचं अनुदान धोरण आहे. मला या विषयातला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो, आणि यावर एक अख्खं प्रकरण होईल.

आता एक सापळा. तुम्ही लातूरच्या औसा रोडवर उभे राहिलात आणि दिसणाऱ्या जुन्या गाड्या मोजल्या, तर एस्टीम आणि सिटी दिसतील, पॅलिओ क्वचितच. लगेच लिहून मोकळे व्हाल की लोकांना पॅलिओ आवडली नाही. चूक! जे टिकलं तेवढंच तुम्ही मोजलंत. फियाटने भारतात आपल्या मोटारी विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पार्ट मिळेनासे झाले की चांगली चालणारी गाडीसुद्धा भंगारात जाते. एस्टीम २००७ ला बंद झाली, तरी तिचं इंजिन बांधणारा मेस्त्री अजून सापडतो, कारण जिप्सीलाही त्याच घराण्यातलं इंजिन होतं. गाडीचं आयुष्य कारखान्याइतकंच मेस्त्रीच्या हातावर असतं. आणि कार्ब्युरेटर कानाने लावणारे ते हात आता साठीच्या पुढे गेलेत. त्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर नेट-सेट होईपर्यंत थांबू नका.

मुलाखतीबद्दल एक सूचना. “ही गाडी का घेतली?” असं थेट विचारू नका. वीस वर्षांनी प्रत्येकाकडे एक छान तयार उत्तर असतं, आणि त्यात तो स्वतः फार हुशार असतो. त्याऐवजी विचारा, गाडी बघायला सोबत कोण होतं? पैसे कोणत्या महिन्यात दिले? पहिला मोठा खर्च कशावर झाला? सोबत मेस्त्री होता की मेहुणा, यावरून निर्णय कुणाचा होता ते कळतं. पैसे सोयाबीन निघाल्यावर दिले की ऊसबिल आल्यावर, यावरून बरंच काही उलगडतं.

कागदांकडे येऊ. एमएच २४ म्हणजे लातूर, एमएच २६ म्हणजे नांदेड, हे तुम्हाला पाठ आहे. पण ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची, तो जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर वेगळे. शिवाय लातूर जिल्हाच १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणजे त्याआधीचं लातूर शोधायला उस्मानाबादच्या दप्तरात जावं लागतं. ऑनलाइन वाहन डॅशबोर्ड सोपा आहे म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण कित्येक वर्षं त्यात तेलंगणाचे आकडेच नव्हते, आणि नांदेड तर तेलंगणाच्या सीमेवरचा जिल्हा! हैदराबादहून आलेली गाडी शोधायची तर फॉर्म २८ ची एनओसी आणि २९, ३० चे हस्तांतराचे कागद बघा. मालकांची साखळी तिथे सापडते. जोडीला ‘प्रजावाणी’, ‘एकमत’ यांच्या जुन्या अंकांतल्या छोट्या जाहिराती चाळा. विकणारा गाडीचं कौतुक कोणत्या शब्दांत करतो, ते वर्षागणिक टिपा. ‘अॅव्हरेज’ आधी येतो की ‘पिकअप’, एवढं मोजलं तरी एक शोधनिबंध होतो.

आणि मित्राला काय सांगायचं? मला विचाराल तर एस्टीम. सिटी व्हीटेक चालवायला जास्त मजेची आहे, पण ती खाली आहे. नांदेड-लातूर हा आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर गुळगुळीत असला, तरी गावात शिरताना गतिरोधकावर पोट घासतंच. ऑक्टाव्हिया आरएस रोजच्या वापराला नको. टर्बो गेला तर महिन्याची फेलोशिप त्यात जाईल. घेताना आरसीवरची तारीख आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. ज्या गाडीची किंमतच पन्नास-साठ हजार, तिच्या मालकाने हा हिशेब कसा केला, हे विचारायला विसरू नका.

राहिला पेट्रोलचा प्रश्न. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, ते बदलून घ्यावे लागतात. त्या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो, आणि मांजरा पट्ट्यात ऊस किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. ज्या ऊसबिलावर इथल्या कितीतरी घरांत पहिली गाडी आली, तोच ऊस आता तिच्या टाकीत उतरलाय. या प्रकरणाला अजून कुणी हात लावलेला मला तरी दिसला नाही. कुणाला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. सुरुवात स्पेअर पार्टच्या दुकानातल्या जुन्या बिलबुकांपासून करा, फ्युएल पाइपची विक्री कोणत्या महिन्यापासून वाढली ते त्यात मिळेल.